एक्स्चेंज चालू, फोन बंद : राजापूरकडील एका कॅनिंग कारखान्याच्या दूरस्थ देखरेखीचे प्रकरण

राजापूर तालुक्यात, महामार्गापासून काही किलोमीटर आत, जांभ्याच्या सड्यावर एक फळप्रक्रिया कारखाना आहे. एप्रिल-मे महिन्यांत तेथे कॅनिंगच्या आंब्याची आवक सुरू झाली की कारखान्याचा बहुतेक व्यवहार फोनवर चालतो. बागायतदार गाडी निघाल्याचे कळवतात, वाशीच्या बाजारातून दराची विचारणा होते, पल्पचे घाऊक खरेदीदार मालाची तारीख पक्की करून घेतात. पत्र्याच्या छपराखाली मोबाइलचा सिग्नल भरवशाचा नसल्याने कारखान्याने दूरसंचार कंपनीकडून एक पीआरआय लाईन, म्हणजे एकाच जोडणीवर अनेक कॉल वाहणारी डिजिटल लाईन, घेतली आहे. या लाईनीच्या तीस चॅनेलवरून, म्हणजे स्वतंत्र वाटांवरून, एकाच वेळी तीस संभाषणे होऊ शकतात आणि आणखी एक, म्हणजे डी चॅनेल केवळ कॉल जोडण्या-तोडण्याच्या संकेतांची देवाणघेवाण करतो. लाईन फायबरने येते, कंपनीने बसवलेल्या मोडेममध्ये उतरते, तेथून तांब्याच्या तारांनी एका लहान सर्व्हरमधील कार्डात जाते आणि त्या सर्व्हरवर ॲस्टरिस्क या मुक्त प्रणालीवर चालणारे एक्स्चेंज पुढे कार्यालय, वजनकाटा, शीतगृह आणि प्रयोगशाळा यांच्या टेबलांवरील फोन सांभाळते.

या एक्स्चेंजची देखभाल रत्नागिरीहून करणे हे आमचे काम. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मालकांची तक्रार आली की दुपारच्या वेळी बाहेरच्यांना कारखान्याचा फोन लागत नाही. वाशीच्या एका खरेदीदाराने तर फोन मुद्दाम उचलत नाही असाच आरोप केला होता. कार्यालयात विचारले असता टेलिफोन ऑपरेटर ताईंचे उत्तर असे होते : "दादा, आमचा फोन बंद पडलेलाच नाही. आतले फोन लागतात, लाईट पण गेलेली नाही. थोड्या वेळाने बाहेरचेही यायला लागतात." माणूस पाठवावा तर रत्नागिरीहून पोहोचेपर्यंत सारे सुरळीत झालेले असे, आणि सुरळीत चाललेल्या यंत्रात दोष शोधणे हे फारसे फलदायी काम नव्हे.

त्या वेळी देखरेख नव्हती असे नाही. रत्नागिरीच्या कार्यालयातून सर्व्हरला दर पाच मिनिटांनी पिंग, म्हणजे तू चालू आहेस का एवढेच विचारणारा निरोप, जात असे आणि पडद्यावरील त्याची खूण महिनाभर हिरवी होती. ती खोटीही नव्हती, कारण सर्व्हर खरोखरच चालू होता. कॉल कारखान्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे मात्र त्या खुणेला कधी विचारलेच गेले नव्हते. म्हणून पहिला निर्णय असा झाला की बाहेरचा कॉल ज्या ज्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्या प्रत्येकीला वेगळा प्रश्न विचारायचा आणि सर्वांची उत्तरे एकाच घड्याळावर मांडायची.

प्रश्न कोणाला आणि कसे विचारले

यासाठी जाळ्यावरील उपकरणांना त्यांची स्थिती विचारण्याचा एसएनएमपी हा शिष्टाचार (प्रोटोकॉल) वापरला. तो १९८८ पासून वापरात आहे आणि त्याची मूळ कल्पना साधी आहे. प्रत्येक उपकरणात एजंट नावाचा एक छोटा प्रोग्राम बसलेला असतो, त्याच्याजवळच्या प्रत्येक माहितीला बिंदूंनी तोडलेला एक लांबलचक क्रमांक असतो, आणि देखरेख करणारा संगणक यूडीपी या जाळ्यावरील निरोपपद्धतीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर (दारावर) तो क्रमांक विचारून मूल्य मिळवतो. काही अघटित घडले तर एजंट स्वतः होऊन १६२ क्रमांकाच्या पोर्टवर ट्रॅप नावाचा इशारा पाठवू शकतो. क्रमांकांची ही झाडे, ज्यांना एमआयबी म्हणतात, काही सर्वांसाठी समान आहेत, तर काही प्रत्येक उत्पादकाची स्वतःची.

ॲस्टरिस्कमध्ये एसएनएमपीचे स्वतंत्र मॉड्यूल आहे आणि ते एजंटएक्स या जोडशिष्टाचाराने सर्व्हरच्या मुख्य एजंटला जोडले जाते. चालू कॉल किती, आतापर्यंत हाताळलेले कॉल किती, कोणत्या प्रकारचे किती चॅनेल सध्या व्यापलेले आहेत, हे त्यातून मिळते. येथे एक फसगत होण्यासारखी आहे. हाताळलेल्या कॉलच्या आकड्यात वजनकाट्यावरून शीतगृहात केलेला कॉलही धरला जातो. त्यामुळे पीआरआय मेलेली असतानाही तो आकडा वाढतच राहतो आणि आलेखावर एक्स्चेंज धडधाकट दिसते. ताईंचे "आतले फोन लागतात" हे उत्तर आणि हा आलेख एकच गोष्ट सांगत होते. म्हणून एकूण कॉलऐवजी कार्डाकडून येणाऱ्या चॅनेलचीच संख्या वेगळी नोंदवली.

पीआरआय लाईनची स्वतःची अवस्था या मॉड्यूलमधून मिळत नाही. कार्डावरील अलार्म आणि डी चॅनेलची स्थिती एक्स्चेंजच्या आज्ञेने विचारावी लागते. सर्व्हरच्या लिनक्स प्रणालीवरील नेट-एसएनएमपी या एजंटला एखादी लहान स्क्रिप्ट (आज्ञावली) जोडून तिचे उत्तर एसएनएमपीच्या क्रमांकाखाली देता येते, ही सोय आम्ही वापरली. मात्र एजंट मर्यादित अधिकारांच्या वापरकर्त्याखाली चालत असल्याने त्याला एक्स्चेंजच्या नियंत्रण सॉकेटला, म्हणजे आज्ञा स्वीकारणाऱ्या दाराला, हात लावता येत नाही आणि उत्तर रिकामे येते. ते अधिकार वाढवण्याऐवजी दुसरा मार्ग धरला : पुरेसे अधिकार असलेली एक वेगळी स्क्रिप्ट दर पंधरा सेकंदांनी स्थिती एका फाईलमध्ये लिहिते आणि एजंट ती फाईल केवळ वाचतो. यात एक धोका उरतो, तो असा की लिहिणारी स्क्रिप्ट कोलमडली तर फाईलमधले "सुरू आहे" हे वाक्य कायमचे तसेच राहते. म्हणून फाईल किती सेकंदांपूर्वी लिहिली गेली, हा आकडाही मोजला जातो आणि तो साठच्या वर गेला की फाईलवर विश्वास ठेवला जात नाही.

तिसरा साक्षीदार होता वीज गेल्यावर सर्व्हरला बॅटरीवर चालू ठेवणारा यूपीएस. त्यात नेटवर्क कार्ड बसवले आणि १९९४ साली ठरलेल्या यूपीएसच्या समान एमआयबीमधील मूल्ये वाचायला सुरुवात केली : वीज मुख्य पुरवठ्यावरून येते आहे की बॅटरीवरून, आत येणारा दाब किती व्होल्ट, बॅटरी अजून किती मिनिटे पुरेल. या झाडात एक दुर्लक्षित मूल्य आहे, आणि या प्रकरणात मला तेच सर्वांत मोलाचे वाटले. आत येणारी वीज आजवर किती वेळा मर्यादेबाहेर गेली, याची ते केवळ मोजणी ठेवते. दर तीस सेकंदांनी विचारणा करणाऱ्याला दाबाची तीन सेकंदांची घसरण दिसत नाही, कारण दोन प्रश्नांच्या मधल्या फटीत ती येऊन जाते. मोजणीचा आकडा मात्र एकाने वाढलेला राहतो आणि पुढच्या प्रश्नाला पकडला जातो.

सुरक्षिततेबद्दल मालकांशी थोडी चर्चा झाली. राउटरमध्ये १६१ चे पोर्ट सरळ उघडावे, म्हणजे काम लवकर होईल, असा त्यांच्या इंटरनेट पुरवठादाराच्या माणसाचा सल्ला होता. तो मानला नाही. एसएनएमपीच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत परवलीचा शब्द उघड्यावर जातो, तो बहुतेक उपकरणांत मुळातच "पब्लिक" असा ठेवलेला असतो, आणि असे उघडे एजंट इतरांवर माहितीचा मारा करण्यासाठी वापरले जातात हे जगजाहीर आहे. सर्व्हरवर २००२ मध्ये पूर्ण मानक झालेली तिसरी आवृत्ती, ओळख पडताळणी आणि सांकेतिकीकरण या दोन्हींसह, लावली. यूपीएसच्या कार्डाला फक्त पहिली आवृत्ती कळत होती, म्हणून त्याला कारखान्याच्या आतल्या जाळ्यातच ठेवले. कारखान्यात एक तळहाताएवढा संगणक बसवून तोच सर्व उपकरणांना प्रश्न विचारतो, उत्तरे स्वतःजवळ साठवतो आणि व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरील सुरक्षित खाजगी वाटेने, रत्नागिरीला पाठवतो. स्थानिक साठवण ठेवण्याचे खरे कारण दुसरेच आहे. ज्या क्षणी वीज डळमळते त्याच क्षणी ब्रॉडबँडही जाण्याची शक्यता असते, आणि ट्रॅप हा पोचपावती नसलेला निरोप असल्यामुळे नेमका हवा असलेला निरोप वाटेत हरवतो. सर्व उपकरणांची घड्याळे एकाच एनटीपी सर्व्हरला, म्हणजे अचूक वेळ देणाऱ्या संगणकाला, जुळवून घेतली. हे काम किरकोळ वाटते, पण घड्याळे जुळलेली नसती तर पुढचे काहीच सिद्ध करता आले नसते.

एका दुपारची नोंद

मांडणी पूर्ण झाल्यानंतरच्या एका दुपारची नोंद येथे तपशिलाने देतो, कारण सारे प्रकरण तिच्यात आले आहे.

दुपारी २ वाजून ११ मिनिटांपर्यंत सर्व सामान्य होते. आत येणारा दाब मात्र २०० व्होल्टच्या थोडा खाली होता, आणि मे महिन्याच्या दुपारी त्या फीडरवर, म्हणजे भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर, तसा तो असतोच. २:११:३० च्या वाचनात यूपीएसची मर्यादाभंगाची मोजणी एकाने वाढलेली दिसली. त्याच वाचनात यूपीएस मुख्य पुरवठ्यावरच असल्याचे सांगत होता, म्हणजे जे काही झाले ते तीस सेकंदांच्या आत होऊन गेले होते. सर्व्हर किती काळ चालू आहे हा आकडा अखंड वाढत होता. पण पीआरआय कार्डाने लाल अलार्म दाखवला आणि बाहेरचे चॅनेल चारावरून शून्यावर आले. २:१३ ला लाल अलार्म जाऊन निळा आला. २:१५:३० ला निळाही गेला, लाईन निर्दोष दिसू लागली, पण डी चॅनेल अजून बंदच होता. २:१६:३० ला तो उठला आणि मिनिटभरातच बाहेरचा पहिला कॉल आत आला.

काही सेकंदांच्या झटक्यासाठी पाच मिनिटे कारखाना बाहेरच्या जगाला बंद होता, आणि त्या पाच मिनिटांत कारखान्यात बसलेल्या कोणालाही काही जाणवले नव्हते. दिवे गेले नव्हते, संगणक बंद पडले नव्हते आणि टेबलावरच्या फोनला टोनही येत होता.

येथे अलार्मच्या रंगांचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे, कारण दोष कोणाच्या दारात आहे हे त्यावरून ठरते. लाल अलार्म म्हणजे कार्डाला समोरून सिग्नलच मिळत नाही, किंवा जो मिळतो त्याची जुळणी होत नाही. कार्ड आणि मोडेम यांच्यामध्ये केवळ काही फूट तार आहे, म्हणून तार सुटली नसेल तर सिग्नल नाही याचा अर्थ मोडेमच बंद आहे. निळा अलार्म याहून वेगळा. मधल्या उपकरणाला पलीकडून काही मिळेनासे झाले की ते पुढच्या दिशेने अखंड एकांची (१११…) मालिका पाठवत राहते, जेणेकरून पुढच्याला कळावे की मी जिवंत आहे, पण माझ्या मागे काही नाही. कार्डाला ही मालिका मिळते तेव्हा ते निळा अलार्म दाखवते. म्हणजे मोडेम चालू आहे, फायबर किंवा कंपनीचे केंद्र गप्प आहे. एरवी ज्या वादात कंपनी म्हणते दोष तुमच्या आवारात आहे आणि ग्राहक म्हणतो दोष तुमच्या लाईनीत आहे, तो वाद या दोन रंगांनी निदान निम्मा तरी मिटतो.

त्या दुपारचा क्रम आता वाचता येतो. झटक्याने मोडेम बंद पडला, म्हणून लाल. वीज होतीच, त्यामुळे तो पुन्हा सुरू झाला, पण त्याला फायबरशी जुळायला वेळ लागला, म्हणून निळा. जुळल्यावर भौतिक लाईन आली, पण तिच्यावरचा संकेतांचा दुवा दोन्ही टोकांनी नव्याने बांधावा लागला. सर्व्हर मात्र यूपीएसवर असल्याने या साऱ्यापासून अलिप्त राहिला, आणि पिंगची खूण हिरवी.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटर ताईंनी फोनवर मोडेमच्या अडॅप्टरची तार हाताने चाचपत शेवटपर्यंत शोधली. ती यूपीएसच्या पट्टीत नव्हती. भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये, पाणी गरम करण्याच्या किटलीशेजारी, ती खोचलेली होती. मोडेम बसवणाऱ्याने जवळचा रिकामा सॉकेट पाहिला आणि काम उरकले. असे अनेक ठिकाणी आढळते.

तरीही वीज गेलेली नसताना झटका कशाचा, हा प्रश्न उरला होता. सर्व झटक्यांच्या वेळा एकाखाली एक मांडल्यावर त्या शीतगृहाच्या नोंदवहीतील कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या वेळांशी जुळल्या. थेट सुरू होणारी मोठी मोटर पहिल्या क्षणी तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. फीडरवरचा दाब आधीच खालावलेला असला की हा ओढा त्याला आणखी खाली नेतो. दिवे क्षणभर मंद होतात, तिकडे कोणी लक्ष देत नाही. स्वस्त अडॅप्टर मात्र तेवढ्याने मोडेमला सोडून देतो. सकाळी फीडरवरचा दाब बरा असतो आणि रात्री बाहेरून कॉल येत नाहीत, म्हणून तक्रारी दुपारच्याच होत्या.

दुरुस्ती

मोडेम, ब्रॉडबँडचे फायबर उपकरण आणि राउटर ही तिन्ही उपकरणे यूपीएसवर घेतली. तिघांचा मिळून भार इतका कमी होता की बॅटरीच्या उरलेल्या मिनिटांत नोंद घेण्यासारखा फरक पडला नाही. कॉम्प्रेसरचे स्टार्टर कारखान्याच्या वायरमनने पाहिले. तो त्याचा विषय असल्याने त्यात आम्ही हात घातला नाही. झटके त्यानंतरही येत राहिले, मोजणी वाढत राहिली, पण तिच्यासोबत लाल अलार्म आला नाही.

इशाऱ्यांची मांडणी या अनुभवावरून बदलली. लाल अलार्म आला आणि त्याच मिनिटात यूपीएसची मोजणी वाढली असेल, तर संदेश वायरमनला जातो. यूपीएस शांत असताना लाल आला, तर तार किंवा अडॅप्टर पाहायला ताईंना सांगितले जाते. निळा आला तर कंपनीकडे तक्रार. अलार्म नाही, पण डी चॅनेल बंद आहे, अशी अवस्था दोन मिनिटांहून अधिक टिकली तर आम्ही स्वतः पाहतो. सर्व्हर चालू असल्याचा काळ दाखवणारा नेहमीचा क्रमांकही बदलला. तो आकडा प्रत्यक्षात एजंट किती वेळ चालू आहे हे सांगतो, त्यामुळे एजंट पुन्हा सुरू केला की सर्व्हरच पडला होता असा भास होतो. यंत्राचा खरा काळ वेगळ्या क्रमांकाखाली मिळतो. हे दोन्ही आकडे सेकंदाच्या शतांशात मोजले जातात आणि बत्तीस बिटांत मावत नाहीसे झाले की सुमारे ४९७ दिवसांनी शून्यावर येतात, ही गोष्टही इशाऱ्याच्या नियमात लिहून ठेवली आहे.

एक जास्तीचा नियम मालकांच्या आग्रहाने घातला. रात्री दहानंतर बाहेरचा एकही चॅनेल व्यापला गेला तरी संदेश यावा, असे त्यांनी सांगितले. एक्स्चेंजमध्ये घुसून रात्रीच्या वेळी परदेशी महागडे कॉल करण्याचे प्रकार सर्वत्र होतात आणि बिल एक्स्चेंजच्या मालकालाच भरावे लागते. आंतरराष्ट्रीय कॉलची सोय आधीच बंद करून घेतलेली असली तरी हा पहारा असलेला बरा.

पावसाळा

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर आलेखाचे रूप पालटले. लाल अलार्म जवळजवळ नाहीसा झाला आणि निळा वाढला, तोही मिनिटांचा नव्हे तर तासांचा. यूपीएसच्या नोंदीशी त्याचा काही संबंध नव्हता. वीज गेलेल्या वेळी लाईन शाबूत आणि लख्ख वीज असताना निळा, असेही घडले. फायबर महामार्गाच्या कडेने येते, तेथे रुंदीकरणाची खोदाई वर्षानुवर्षे चाललेली, आणि मातीचा भराव पहिल्या जोरदार सरींत खचतो. कंपनीच्या तक्रार केंद्रातून पहिले उत्तर नेहमीचेच आले : तुमचा मोडेम बंद करून पुन्हा सुरू करा. त्यावर निळ्या अलार्मच्या प्रत्येक प्रसंगाची सुरुवात, शेवट आणि त्या काळातील यूपीएसची स्थिती असा तक्ता पाठवला. मोडेम संपूर्ण काळ विजेवर होता आणि कार्डाला अखंड एकांची मालिका देत होता, हे त्यात लिहिलेले असल्याने मोडेम बंद-सुरू करण्याचा सल्ला पुन्हा आला नाही. तांत्रिक विभागाचा माणूस फोनवर आला, आणि काही दिवसांनी जोडणीच्या दोन ठिकाणी पाणी शिरल्याचे त्यांच्याकडूनच कळले.

बाहेर जाणारे कॉल अशा वेळी ब्रॉडबँडवरील पर्यायी वाटेने पाठवण्याची सोय एक्स्चेंजमध्ये करता येते आणि ती केली. आत येणाऱ्या कॉलचे तसे नाही. पीआरआयचा क्रमांक कंपनीच्या केंद्रात राहतो. लाईन तुटल्यावर कॉल कोठे वळवायचा हे एक्स्चेंज ठरवू शकत नाही, कारण कॉल तेथवर येतच नाही. लाईन मिळत नसल्यास कॉल आपोआप एका मोबाइल क्रमांकावर वळावा, अशी मागणी कंपनीकडे लेखी केली आणि ती मान्य झाली. तो मोबाइल पत्र्याच्या छपराखाली न ठेवता वजनकाट्याच्या उघड्या खोलीत ठेवला आहे, आणि तेथील कर्मचाऱ्याने आलेला निरोप वहीत लिहून कार्यालयात द्यायचा असे ठरले आहे.

पुढच्या हंगामासाठी दोन कामे शिल्लक आहेत. यूपीएसच्या बॅटरीच्या उरलेल्या मिनिटांचे अनुमान सहा महिन्यांत हळूहळू घसरत आले आहे, म्हणून फेब्रुवारीअखेर बॅटरी बदलायची. मोडेमच्या तांब्याच्या तारांची टोके खाऱ्या हवेने हिरवी पडू लागली आहेत, ती त्याच फेरीत कापून नव्याने बसवायची.